खाऱ्या वाऱ्यातली जुनी गाडी आणि सरकारची सवलत

मालवण बंदराच्या आसपास वर्षानुवर्षं उघड्यावर उभी राहणारी गाडी खालून मरते. इंजिन एका चावीत सुरू होतं, काचा वर-खाली होतात, रंगही फारसा उतरलेला नसतो. मेस्त्रीने ती जॅकवर घेतली, की पायाखालच्या पत्र्यात स्क्रूड्रायव्हर भिजलेल्या बिस्किटात जावा तसा जातो. समुद्रावरचा वारा मिठाचे बारीक कण घेऊन येतो. हे मीठ हवेतली ओल धरून ठेवतं आणि त्यातलं क्लोराइड लोखंडाला आतून पोखरत जातं. भरीला जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतला तीन हजार मिलिमीटरच्या घरातला पाऊस. मासळीच्या टेम्पोचे हाल याहून वाईट. वितळलेल्या बर्फाचं खारट पाणी हौद्यातून गळून चासीवर टपकत राहतं.

मग एक दिवस पासिंगची तारीख जवळ येते. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. ती संपली की गाडी तपासून घेऊन पुढच्या पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवावी लागते. सिंधुदुर्गातल्या ‘एमएच-०७’च्या गाड्यांसाठी हे काम ओरोसच्या परिवहन कार्यालयात होतं. मार्च २०२२ पर्यंत मोटारीच्या या नूतनीकरणाची फी ६०० रुपये होती. १ एप्रिल २०२२ पासून ती ५,००० झाली आणि दुचाकीची ३०० वरून १,०००. तारीख चुकली तर मोटारीला महिन्याला ५०० रुपये आणि दुचाकीला ३०० रुपये जादा. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या गाड्यांची फी दुप्पट झाली: मोटारीला १०,०००, दुचाकीला २,०००. याशिवाय महाराष्ट्रात २०१० पासून पर्यावरण कर आहे. पंधरा वर्षांवरच्या खासगी गाडीला पाच वर्षांसाठी तो भरावा लागतो: दुचाकीला २,०००, पेट्रोल मोटारीला ३,००० आणि डिझेल मोटारीला ३,५०० रुपये. वेल्डिंग, टिनकाम आणि रंगाचं बिल वेगळंच.

एवढा खर्च त्या गाडीवर करायचा की ती सरकारी योजनेत मोडीत द्यायची, हा प्रश्न किनाऱ्यावरच्या घरात इतरांपेक्षा लवकर उभा राहतो. त्याचं उत्तर देण्याआधी एक गैरसमज दूर केलेला बरा. पंधरा वर्षं झाली की गाडी सरकार ओढून नेतं, असं पारावर ठामपणे सांगितलं जातं. ही दिल्लीची गोष्ट आहे. तिथे राष्ट्रीय हरित लवादाने १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी आणली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. मुंबईत वयाची अट टॅक्सीला आहे, वीस वर्षांची. काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी तिच्यामुळेच इतिहासजमा झाली. शेवटची पद्मिनी ताडदेवच्या कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती आणि बरोबर वीस वर्षांनी तिची मुदत संपली. सिंधुदुर्गातल्या खासगी गाडीला अशी वयोमर्यादा नाही. तपासणीत ती पास झाली तर चालवता येते.

रोख पैसे देणारे देश

जुन्या गाडीच्या बदल्यात सरकारने पैसे द्यायचे, ही कल्पना परदेशात बरीच जुनी. तिचा सर्वांत गाजलेला प्रयोग अमेरिकेत २००९ च्या उन्हाळ्यात झाला. मंदीने मोटार कंपन्या कोसळत होत्या. सरकारने जाहीर केलं की ज्या गाडीचं ॲव्हरेज गॅलनला १८ मैल किंवा त्याहून कमी, म्हणजे आपल्या भाषेत लिटरला साडेसात किलोमीटरच्या आसपास किंवा त्याखाली आहे, ती द्या आणि जास्त ॲव्हरेजची नवी घ्या. गाडीमागे ३,५०० किंवा ४,५०० डॉलर मिळत. योजनेसाठी ठेवलेले १ अब्ज डॉलर काही दिवसांतच संपत आले, म्हणून आणखी २ अब्ज घालावे लागले. दोन महिन्यांच्या आत पावणेसात लाखांहून जास्त गाड्या मोडीत गेल्या. परत कोणी चालवू नये म्हणून इंजिनात तेलाऐवजी सोडियम सिलिकेट ओतून ते कायमचं जाम केलं जाई.

जर्मनीने त्याच वर्षी नऊ वर्षांवरच्या गाडीला २,५०० युरो दिले. ५ अब्ज युरो खर्चून सुमारे २० लाख गाड्या बदलल्या गेल्या. ब्रिटनमध्ये २,००० पौंड मिळत. त्यातले निम्मे सरकारचे, निम्मे कंपनीचे.

फायदा किती झाला? अमेरिकेत मोडीत गेलेल्या गाड्यांचं सरासरी ॲव्हरेज लिटरला पावणेसात किलोमीटर होतं आणि त्यांच्या जागी आलेल्या गाड्यांचं साडेदहा. पण अर्थतज्ज्ञ आतिफ मियां आणि अमीर सूफी यांनी नंतर आकडे तपासले, तेव्हा वाढलेली जवळपास सगळी विक्री पुढच्या महिन्यांतून उचललेली निघाली. जे लोक काही महिन्यांनी गाडी घेणारच होते, त्यांनी ती ऑगस्टमध्ये घेतली, एवढंच.

आपल्याकडे काय मिळतं?

भारताने असा रोख पैसा दिलेला नाही. २०२१ च्या अर्थसंकल्पात निर्मला सीतारामन यांनी जुन्या गाड्या मोडीत काढण्याच्या योजनेची घोषणा केली, मार्चमध्ये नितीन गडकरी यांनी लोकसभेत तिचा आराखडा मांडला आणि १३ ऑगस्ट २०२१ रोजी पंतप्रधानांनी तिचा आरंभ केला. ही योजना ऐच्छिक आहे. आणखी एक फरक असा, की ती गाडीचं ॲव्हरेज विचारत नाही. लिटरला आठ किलोमीटर देणारी जीप आणि अठरा देणारी छोटी मोटार तिला सारखीच. प्रश्न फक्त वयाचा आणि तपासणीत पास होण्याचा.

मालकाला मिळणारे लाभ तीन ठिकाणांहून येतात. पहिला भंगाराचा भाव, जो गाड्यांची मोडतोड करणारं अधिकृत केंद्र देतं. गडकरींच्या निवेदनात तो नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या ४ ते ६ टक्के धरला होता. प्रत्यक्षात गाडीचं वजन आणि लोखंडाचा चालू भाव यांवर तो ठरतो. गंजून गळून पडलेला पत्रा काट्यावर भरत नाही, हे किनाऱ्यावरच्या मालकाने लक्षात ठेवावं. दुसरा लाभ राज्याकडून, नव्या गाडीच्या मोटार वाहन करात. केंद्र सरकारने खासगी गाडीला २५ टक्के आणि व्यावसायिक गाडीला १५ टक्के अशी कमाल मर्यादा घालून दिली. महाराष्ट्राने आधी १० टक्के सूट दिली होती आणि २०२५ मध्ये ती १५ टक्के केली. तिसरा लाभ कंपनीकडून. ऑगस्ट २०२४ मध्ये मोटार कंपन्यांनी गडकरींच्या बैठकीत ठराविक मुदतीसाठी सवलत मान्य केली. प्रवासी मोटारीला किमतीच्या दीड टक्के किंवा २०,००० रुपये, यांतली कमी असेल ती रक्कम.

हे आकडे एका हिशेबात बसवून पाहू. शोरूममध्ये आठ लाखांची पेट्रोल मोटार. महाराष्ट्रात दहा लाखांखालच्या पेट्रोल मोटारीला ११ टक्के कर, म्हणजे ८८,००० रुपये. त्यावर १५ टक्के सूट म्हणजे १३,२०० रुपये. कंपनीची सवलत चालू असेल तर आणखी १२,०००. नव्या गाडीची नोंदणी फीही माफ, ६०० रुपये. एकूण २५,८०० रुपये आणि वर भंगाराचे पैसे. आकडा वाईट नाही, पण त्याची तुलना दुसऱ्या एका निर्णयाशी करून पाहावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल मोटारींवरचा जीएसटी उपकर धरून २९ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्यामुळे किंमत आठ-साडेआठ टक्क्यांनी उतरली, आणि तीसुद्धा जुनी गाडी न देता. मोडीत देण्याचा मोह त्यापुढे फिका पडतो.

मुळात हा लाभ नवी गाडी घेणाऱ्यालाच आहे. मालवण-देवगड पट्ट्यात जुनी गाडी विकून त्याहून थोडी बरी सेकंडहॅण्ड गाडी घेणारे पुष्कळ. त्यांना करातली सूटही नाही आणि कंपनीची सवलतही नाही. मुंबईच्या चाकरमान्याची गोष्ट आणखी वेगळी. शहरात नवी गाडी आली की जुनी गावी येते, दहा महिने माडाच्या झापांखाली उभी राहते आणि चतुर्थीत नि शिमग्यात घरच्यांना बाजारात फिरवते. ती पेट्रोल किती पिते, याने कुणाला फरक पडत नाही. फरक पडतो तो रोज पहाटे बंदरावरून मासळी घेऊन निघणाऱ्या आणि मेमध्ये हापूसच्या पेट्या वाहणाऱ्या पिकअपच्या डिझेलने. वयाच्या दाखल्यावर दोन्ही सारख्याच जुन्या दिसतात.

सरकारी गाड्यांना मात्र पर्याय ठेवलेला नाही. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी आणि महामंडळांच्या गाड्यांची नोंदणी पुढे चालत नाही. एसटीच्या बसही यात आल्या. सिंधुदुर्ग विभागाची लालपरी असो किंवा एखाद्या कार्यालयाची जीप, पंधरा वर्षांनी तिला जावंच लागतं. लष्करी आणि कायदा-सुव्यवस्थेच्या खास गाड्या तेवढ्या वगळल्या आहेत.

भंगारवाला की केंद्र?

गावात येणारा भंगारवाला जागेवर रोख मोजतो आणि गाडी उचलून नेतो. अधिकृत केंद्राला मूळ आरसी लागते, कर्जाचा बोजा उतरलेला असावा लागतो, गाडी चोरीची नाही ना हे पोलिसांच्या नोंदींत पाहिलं जातं. केंद्र दूर असेल तर तिथवर टोइंग करून नेण्याचा खर्चही हिशेबात येतो. म्हणून सोपा रस्ता भंगारवाल्याचाच वाटतो.

त्या रस्त्यावर एक खड्डा आहे. भंगारवाल्याकडे गेलेली गाडी परिवहन खात्याच्या दफ्तरात तुमच्या नावावर जिवंत राहते. तिचा नंबर किंवा चासी दुसऱ्या गाडीला लागली आणि ती गाडी कुठल्या अपघातात किंवा गुन्ह्यात सापडली, तर पोलीस पहिल्यांदा आरसीवरच्या नावाच्या घरी येतात. अधिकृत केंद्रात चासी नंबरचा तुकडा कापून काढतात आणि मोडतोडीचं प्रमाणपत्र दिल्यावर सहा महिने जपून ठेवतात. इंधन, इंजिन ऑइल, कूलंट, एसीचा गॅस आणि बॅटरी आधी वेगळी काढली जाते. उघड्या अंगणात गाडी तोडली तर हेच तेल मातीत मुरतं. किनाऱ्यावरच्या वाळूच्या जमिनीत विहिरीचं पाणी फार खोल नसतं, हे इथे कुणाला सांगायला नको.

गाडी ताब्यात घेतल्यावर केंद्र ‘सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट’ देतं. करसवलत मागायची ती याच कागदावर. तुम्हाला नवी गाडी घ्यायची नसेल तर हे प्रमाणपत्र ऑनलाइन व्यवहारात दुसऱ्याला विकता येतं. सेकंडहॅण्ड गाडी घेणाऱ्याला या योजनेतून काही सुटलं, तर ते एवढंच.

तेव्हा पासिंगची तारीख उलटण्याच्या दोन-तीन महिने आधी गाडी मेस्त्रीकडून खालून तपासून घ्यावी आणि वेल्डिंगचा अंदाज मागावा. सवलतीला जुन्या गाडीचं वय, नव्या गाडीचा प्रकार आणि प्रमाणपत्राची मुदत अशा अटी आहेत. म्हणून गाडी केंद्रात देण्याआधी आपण त्यात बसतो का, हे ओरोसच्या कार्यालयात विचारावं. कंपनीची सवलत आज चालू आहे का, हे शोरूमकडून लेखी घ्यावं. अधिकृत केंद्रांची यादी ‘परिवहन’च्या संकेतस्थळावर मिळते. गाडी गेल्यानंतर काही दिवसांनी त्याच संकेतस्थळावर आपला नंबर टाकून नोंदणी रद्द झाल्याची खात्री करावी, आणि ती दिसेपर्यंत केंद्राने दिलेले सगळे कागद सांभाळून ठेवावेत.