उकरणाऱ्या कोंबडीचा दिवस

परसात मोकळी सोडलेली गावरान कोंबडी जागेपणीचा बहुतेक वेळ अन्न शोधण्यात घालवते, मग पुढ्यात दाण्याचे ताट असले तरीही. आयते खाणे समोर असताना उकरून मिळणारे खाणे निवडण्याची ही खोड प्रयोगांतही वारंवार दिसली आहे. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज असलेला लाल रानकोंबडा आग्नेय आशियातील जंगलांत पालापाचोळा उकरून जगतो, आणि रोज दाणा मिळणारे रानकोंबडेसुद्धा दिवसभर टिपत-उकरत राहतात. सह्याद्रीत आढळणारा राखी रानकोंबडा ही वेगळी जात. तरी पाळीव कोंबडीच्या पिवळ्या पायांचा वारसा तिच्याकडून आला, असे जनुकीय अभ्यासातून २००८ मध्ये दिसून आले.

उकरण्याची पद्धत ठरलेली असते. एका पायाने, मग दुसऱ्याने माती मागे ओढायची, पाऊलभर मागे सरायचे, मान वाकवून उघड्या पडलेल्या जागेकडे बघायचे आणि टिपायचे. कोंबडीचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने कामाचीही वाटणी होते. दाणा कोणता आणि खडा कोणता, हे उजवा डोळा चटकन ओळखतो; आभाळातल्या घारीवर डाव्याची नजर असते. अंड्यात पिलाचा उजवा डोळा कवचाकडे असतो. शेवटच्या दिवसांत त्यावर उजेड पडतो आणि ही वाटणी पक्की होते. पूर्ण अंधारात उबवलेल्या पिलांना टिपता टिपता धोक्यावर लक्ष ठेवणे नीट जमत नाही. टिपलेले अन्न आधी गळ्याशी असलेल्या पिशवीत साठते आणि पुढे पेट्यात दळले जाते. दात नसल्याने ते काम बारीक खडे करतात, म्हणून कोंबडीने खडे गिळले तर काळजीचे कारण नाही.

काय खायचे हे पिलू बरेचसे आईकडून शिकते. एकविसाव्या दिवशी अंड्यातून बाहेर पडलेल्या पिलाच्या पोटात बलकाचा साठा असतो, त्यावर दोन-तीन दिवस निभते. तेवढ्यात आई ‘कुक् कुक्’ करत दाणा उचलते, टाकते, पुन्हा उचलते, आणि पिले चोचीजवळ गोळा होतात. तिच्या अनुभवाने वाईट ठरलेले खाणे पिले खाताना दिसली, की तिचे हे टिपून दाखवणे वाढते, असे ब्रिस्टल विद्यापीठातील प्रयोगांत आढळले. यंत्रात उबवलेली पिले परसात सोडायची असतील, तर ही शिकवण त्यांना मिळालेली नसते, हे ध्यानात ठेवावे लागते. ती खुडूक कोंबडीखाली देणे अधिक सोयीचे. कोंबडाही खाऊ सापडला की असाच आवाज काढतो, पण त्यामागे पोराबाळांपेक्षा माद्यांना जवळ बोलावण्याचा हेतू असतो. धोक्याचे आवाज दोन तऱ्हेचे असतात. घार किंवा शिक्रा दिसल्यावरची हाक ऐकून कळप झुडपाखाली दडी मारतो, तर मुंगसासाठीचा आवाज तुटक आणि पुन्हा पुन्हा काढलेला असतो व तो ऐकून कोंबड्या माना उंच करून पाहतात. म्हणून उघड्या मैदानापेक्षा आंबा, शेवगा, करवंदीची जाळी असलेले परस त्यांना मानवते.

चरणे मुख्यतः सकाळी आणि उन्हे कलल्यावर होते. भर दुपारी कोंबड्या सावलीत धूळस्नान करतात. पिसांतले जादा तेल आणि उवा त्यातून कमी होतात, म्हणून पावसाळ्यात छपराखाली कोरडी माती किंवा राख ठेवावी.

मोकळी कोंबडी फुकटात पोसली जाते, हा समज अर्धाच खरा आहे. परस काय देते हे ऋतूवर ठरते. पहिल्या पावसात पंखवाल्या वाळव्या आणि गांडुळे, सुगीला खळ्यातले दाणे. एप्रिल-मेमध्ये मात्र जमीन कडक, किडे दुर्मीळ. संध्याकाळी खुराड्यात शिरणाऱ्या कोंबडीची गळ्याशी असलेली पिशवी चाचपली तर दिवसाचा हिशेब कळतो. ती रिकामी लागली, तर मूठभर ज्वारी-बाजरी किंवा तांदळाची कणी द्यावी. दाण्यातून ताकद मिळते, पण अंड्याला लागणारी प्रथिने तेवढ्याने भागत नाहीत. त्यासाठी शेण आणि ओला भुसा भरलेले मडके वारुळाजवळ उपडे ठेवतात. त्यात जमलेली वाळवी सकाळी पिलांपुढे झटकतात. कवचाचा चुना शिंपल्याच्या भुकटीतून मिळतो. कवच प्रामुख्याने रात्री तयार होत असल्याने अंड्यावरच्या कोंबड्या तो दुपारनंतर जास्त खातात. गावरान कोंबडी वर्षाला साठ-ऐंशीच अंडी देते, कारण एक डाव झाला की ती खुडूक होते. जास्त अंड्यांसाठी वनराज, गिरिराजसारख्या सुधारित जाती पाळल्या जातात, पण त्यांना वरचे खाद्य अधिक लागते आणि वजनामुळे शत्रूला चुकवणे जड जाते.

रात्री खुराडे जमिनीपासून उंच, हवेशीर आणि पक्क्या कडीचे हवे, कारण मुंगूस लहान फटीतूनही आत शिरते. औषध लावलेल्या बियाण्याची पेरणी चालू असताना कोंबड्या शेताकडे सोडू नयेत. सर्वांत मोठा धोका मानमोडीचा, म्हणजे राणीखेत रोगाचा. या रोगावर इलाज नाही. पहिल्या आठवड्यात लासोटा लस नाका-डोळ्यांत थेंबाने देतात, आणि साधारण आठव्या आठवड्यात दुसरी लस टोचून घेतात. नवी विकत आणलेली कोंबडी दोन आठवडे वेगळी ठेवूनच कळपात सोडावी.