गच्चीवरचा जीवशास्त्राचा धडा
शाळेत कुजणं शिकवतात ते फळ्यावर. कवक, जिवाणू, नायट्रोजनचक्र, बाणांची आकृती, की धडा संपला. हा धडा मुलांच्या हाताला लागेल का, हे शोधताना मी मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीपर्यंत पोचलो. गोदीतल्या सुमारे 3,000 कामगारांचं जेवण तिथे शिजायचं. 2002च्या सुमारास खानपान अधिकारी प्रीती पाटील यांनी साली, देठं नि पालापाचोळा गच्चीवरच जिरवून भाज्या-फळं पिकवायला सुरुवात केली. पुढे त्यांनी श्री. अ. दाभोळकरांची पद्धत धरली. दाभोळकर (1924–2001) मूळचे गणिताचे शिक्षक. ‘प्रयोग परिवारा’तून त्यांनी शेतकऱ्यांना स्वतः प्रयोग करायला शिकवलं.

मला भुरळ घातली ती या पद्धतीतल्या ‘अमृतमाती’ने. दहा लिटर पाण्यात एक किलो शेण, एक लिटर गोमूत्र, 50 ग्रॅम काळा गूळ. रोज ढवळत तीन दिवस ठेवायचं. दहापट पाण्यात मिसळून त्यात वाळली पानं दिवसभर भिजवायची नि मातीसोबत थरावर थर देत फूटभर उंच ढीग रचायचा. महिनाभर तो आठवड्याला उलथायचा, मग त्यातच बी पेरायचं. 21, 42 नि 63 दिवसांनी रोपं छाटून पुन्हा तिथेच घालायची, कारण कोवळं, जून नि पिकलं पान मातीला वेगवेगळं देतं. मूठ दाबावी, तळवा ओला व्हावा, पण पाणी गळू नये. ओलावा, हवा आणि सूक्ष्मजीव यांचं नातं त्या मुठीत कळतं.

असा ढीग रचायला दादर-परळच्या शाळांना कच्चा माल शोधावा लागत नाही. फूलबाजार आहे, देवळांचं निर्माल्य आहे. अडचण पहिल्या हारापासून सुरू होते. झेंडू कुजतो, आतला नायलॉनचा दोरा नि जरीचा धागा कुजत नाही. सोडवत बसावं लागतं. नुसती ओली फुलं घातली तर ढीग आंबतो, वास सुटतो, शेजारची चाळ तक्रार करते. उघड्यावर पाऊस तो धुऊन नेतो.

खरी अडचण मात्र वेळापत्रकाची आहे. प्रात्यक्षिकाला एक-दोन तासिका मिळतात. अमृतमातीला साधारण 140 दिवस लागतात. सुटीत पाणी घालायला कोणी नसतं आणि ज्याला गुण नाहीत ते सहामाही जवळ आली की मागे पडतं. म्हणून मागणी साधी आहे. जूनमध्ये छपराखाली घातलेला ढीग दिवाळीच्या सुमारास तयार होतो. तेवढ्या काळाच्या नोंदवहीला प्रात्यक्षिकाचे गुण द्या. त्यावाचून पर्यावरणाचं शिक्षण भित्तिचित्रांपुरतंच राहील.