मूल ‘वांड’ की एडीएचडी? शिक्षा करण्याआधी शाळेने आणि पालकांनी काय पाहावे

एका जागी बसत नाही, प्रश्न संपायच्या आत उत्तर ओरडतो, कंपासपेटी रोज हरवतो, शेजारच्याला डिवचतो. अशा मुलाला ‘वांड’ हे नाव पडायला वेळ लागत नाही. मग वर्गाबाहेर उभे करणे, खेळाचा तास बंद, डायरीत तक्रार आणि शेवटी ‘दाखला घेऊन जा’ इथपर्यंत गोष्ट जाते. यातली बरीच मुलं नुसती मस्तीखोर असतात. काहींना मात्र एडीएचडी असतो आणि शिक्षेने त्यांचा त्रास वाढतो.

नेमके काय असते?

एडीएचडी हा मेंदूच्या वाढीशी संबंधित प्रश्न आहे. लक्ष टिकवणे, हालचाल आवरणे, थांबून विचार करणे ही कामे सांभाळणारा मेंदूचा भाग या मुलांत उशिरा पक्व होतो. लाड किंवा वळण हे त्याचे कारण नाही. आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. ‘टीव्हीसमोर तासभर बसतो, मग अभ्यासालाच काय होतं?’ असं पालक विचारतात. आवडीच्या गोष्टीत लक्ष लागतं. कंटाळवाण्या कामात ते ओढून आणणं या मुलांना जमत नाही.

निदानासाठी लक्षणे १२ वर्षे वयाआधी दिसलेली, किमान ६ महिने टिकलेली आणि घर व शाळा अशा दोन ठिकाणी तरी दिसणारी असावी लागतात. मुलींमध्ये धावपळीपेक्षा हरवलेपण जास्त दिसते, म्हणून त्या अनेकदा नजरेतून सुटतात.

भाषेचा घोळ

सीमाभागात एक गोष्ट आवर्जून तपासावी लागते. घरी मराठी आणि शाळेत कानडी किंवा इंग्रजी असलं की मुलाला शिकवलेलं समजत नाही. ते खिडकीबाहेर बघतं, चुळबुळ करतं. घरी, गल्लीत, मराठीत बोलताना ते व्यवस्थित लक्ष देत असेल, तर अडचण भाषेची असू शकते. कमी ऐकू येणे, नजर कमी असणे, अपुरी झोप यांमुळेही असंच चित्र दिसतं. डॉक्टरांकडे जाताना मुलाशी मराठीत बोलणारं कुणीतरी असावं, हे यासाठीच.

शिक्षा का चालत नाही?

या मुलांना नियम माहीत असतो. ऐन वेळी स्वतःला थांबवता येत नाही. उद्याच्या शिक्षेची भीती आत्ताच्या उडीला अडवत नाही. खेळाचा तास बंद करणे तर सर्वांत वाईट, कारण हालचालीनेच त्यांचं लक्ष थोडं स्थिरावतं.

याचा अर्थ शिस्त नको असा नाही. शिस्त लगेच, छोटी आणि रोज सारखी हवी. पुढचा बाक द्यावा, दार-खिडकीपासून दूर. एका वेळी एकच सूचना द्यावी. मोठा अभ्यास दहा-दहा मिनिटांचे तुकडे करून द्यावा. फळा पुसणे, वह्या वाटणे अशी कामे दिली की उठायला रीतसर निमित्त मिळतं. जमलेल्या गोष्टीचं कौतुक त्याच क्षणी करावं.

कायदा काय म्हणतो?

शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी आहे. कलम १६ नुसार प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा या कायद्याबाहेर ठेवल्या. त्यामुळे भाषिक अल्पसंख्याक दर्जाच्या मराठी शाळेत पालकांना या कलमांवर विसंबता येत नाही. तिथे बाल न्याय कायदा २०१५ चे कलम ७५ आधार देऊ शकते: ताब्यातल्या मुलाला मारहाण करून किंवा छळून विनाकारण त्रास देणे हा गुन्हा आहे, मग शाळा कुठलीही असो.

कुठे जायचे?

बालरोगतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ पालक आणि शिक्षक दोघांकडूनही माहिती घेतात. धारवाडची डिमहान्स आणि गोव्यात बांबोळीचे आयपीएचबी या सरकारी संस्था आहेत. टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते. उपचारात आधी पालकांना वागण्याचं प्रशिक्षण आणि शाळेतले बदल. गरज असेल तर औषध, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

शाळेतून बोलावणं आलं तर पालकांनी वाद घालण्याआधी एक वही करावी: कुठल्या तासाला, कुठल्या विषयात, कशानंतर त्रास झाला. दोन आठवड्यांची अशी नोंद डॉक्टरांना आणि वर्गशिक्षकांना डायरीतल्या दहा तक्रारींपेक्षा जास्त सांगते.