घरची कोंबडी चवदार कशी होते?

मी मुंबईतल्या माहीमहून बोलतेय. इथल्या वस्तीतल्या बचत गटांची समन्वयक म्हणून काम करते. आज वही, हप्ते, हिशेब जरा बाजूला ठेवू आणि शेगडीपाशी बसू. विषय आहे कोंबडीचा. पण तोही शेवटी पैशांपाशी येतोच.

आमच्या एका गटाला हळदीच्या कार्यक्रमाची ऑर्डर मिळाली. 40 माणसांचे कोंबडी-वडे. पहिलीच मोठी ऑर्डर. घरी प्रत्येकीच्या हाताला चव, त्यामुळे कुणाला काळजी नव्हती. 8 किलो चिकन एका मोठ्या टोपात घातलं, वाटण घातलं, वरून पाणी ओतलं. रस्सा फिका लागला म्हणून आणखी मसाला घातला, तरी फिकाच. मग पुन्हा घातला. शेवटी रस्सा लालभडक आणि तिखटजाळ, पण आतल्या फोडी बेचव. त्या घरच्या ताई म्हणाल्या, "वडे छान झाले होते हो." चिकनबद्दल एक शब्द नाही. त्या घरून पुन्हा फोन आला नाही.

पुढच्या बैठकीत सगळ्या गप्प होत्या. आमच्यात परळच्या एक मावशी आहेत. गिरण्या चालू होत्या तेव्हा त्यांच्या सासूबाई गिरणी कामगारांची खानावळ चालवायच्या. गिरणगावात अशा कितीतरी बायका दोन खोल्यांत रोजचं जेवण रांधून संसार ओढत होत्या. त्यांनाच एकत्र करून प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. तर त्या मावशी म्हणाल्या, "मसाला कमी नव्हता गं. घाई जास्त झाली." आणि त्यांनी आमच्या चुका एकेक करून दाखवल्या. त्याच आज तुम्हाला सांगते.

पहिली गोष्ट मिठाची. आम्ही मीठ शेवटी घातलं होतं. ते रश्शात राहतं, मांसात शिरत नाही. एक किलो चिकनला दीड चमचा मीठ, अर्धा चमचा हळद, दोन मोठे चमचे आलं-लसूण-मिरची-कोथिंबिरीचं हिरवं वाटण आणि अर्ध्या लिंबाचा रस चोळून ठेवा. अर्धा तास तरी हवा. फ्रीज असेल तर दोन तास ठेवा. उन्हाळ्यात बाहेर मात्र अर्ध्या तासापेक्षा जास्त ठेवू नका.

दुसरी गोष्ट वाटणाची. कांदा आणि सुकं खोबरं चांगलं भाजलं गेलं की त्याला गोडसर, खमंग वास येतो. रश्शाची अर्धी चव तिथेच तयार होते. आम्ही घाईत गॅस मोठा केला. खोबरं बाहेरून करपलं आणि कांदा आत कच्चा राहिला. दोन्ही वेगवेगळं भाजा, मंद आचेवर. कांदा तपकिरी, खोबरं बदामी. करपलं तर टाकून द्या. करपल्याचा कडवटपणा कुठल्याही मसाल्याने झाकत नाही.

तिसरी गोष्ट टोपाची. टोप गच्च भरला की तो थंड पडतो. मांसाला पाणी सुटतं आणि ते परतलं जाण्याऐवजी उकडतं. म्हणून जास्त चिकन असेल तर दोन-तीन टोपांत करा. मसालाही आधी तेलात परता, कडेने तेल सुटेपर्यंत. मसाल्याचा वास आणि मिरचीचा रंग तेलात उतरतो. नुसत्या पाण्यात टाकलेला मसाला कच्चा लागतो.

आता तीन पद्धती सांगते.

मालवणी पद्धत. तेलात कांदा परता, तीन-चार चमचे मालवणी मसाला घाला, मग मुरवलेलं चिकन घालून पाचेक मिनिटं परता. टोपावर खोलगट ताट ठेवा आणि त्यात पाणी घाला. वाफ आतल्या आत फिरते, खाली लागत नाही, आणि ताटातलं पाणी तापलं की तेच रश्शाला घालता येतं. गार पाणी कधी ओतू नका. चिकन शिजत आलं की भाजलेलं वाटण घालून दहा मिनिटं मंद उकळा.

दुसरी, अळणीची. कोल्हापूर, सोलापूरकडच्या मैत्रिणींना ही सांगायला नको. हळद, मीठ, आलं-लसूण लावलेलं चिकन हाडांसकट थोड्या तेलावर परतून गरम पाण्यात शिजवायचं. त्यातलं अळणी पाणी आधी लहान मुलांना आणि आजारी माणसाला वाढायचं. उरलेल्याचा रस्सा करायचा आणि फोडी वेगळ्या मसाल्यात परतून सुकं करायचं. एका कोंबडीत घरातल्या सगळ्यांची सोय होते.

तिसरी माझ्या शेजारची. माहीममध्ये ईस्ट इंडियन लोकांची जुनी घरं आहेत. त्यांचा बाटली मसाला उन्हाळ्यात कुटून गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून भरतात. उजेड आणि हवा लागली नाही की मसाल्याचा वास टिकतो. आपणही वर्षाचा मसाला करतोच. आमच्याकडे त्यासाठी उन्हाळ्यात लालबागच्या मसाला बाजारात गर्दी होते. रंगाला ब्याडगी, तिखटपणाला संकेश्वरी घ्यायची आणि समोर भाजून डंकावर कुटून आणायचं. तुम्ही गावी कराल तेव्हा बरणी पारदर्शक नको, आणि ओला चमचा तर नकोच.

गावरान कोंबडीबद्दल एक. दुकानातली ब्रॉयलर साधारण सहा आठवड्यांची असते, वीस-पंचवीस मिनिटांत शिजते. त्याहून जास्त ठेवली तर चोथा होतो. तुमच्या अंगणात महिनोन् महिने फिरलेली गावरान कोंबडी चिवट असते. तिला मंद आचेवर तास-दीड तास द्या. मग हाडांचा अर्क रश्शात उतरतो आणि मसाला निम्मा पुरतो. ही कोंबडी तुमच्याकडे आहे, आम्हाला शहरात ती महाग पडते.

स्वच्छतेचंही लक्षात ठेवा. चिकन नळाच्या धारेखाली धुऊ नका, शिंतोडे भाजीवर, भांड्यांवर उडतात. विळी, सुरी आणि हात साबणाने धुवा. सगळ्यात जाड फोड मोडून पाहा, आत गुलाबी नको. उरलेलं वाढताना खळखळून उकळा.

त्या ऑर्डरनंतर आमच्या गटाने नियम केला. मोठ्या ऑर्डरच्या आधी एक किलोचं करून सगळ्यांनी चाखायचं आणि मापं वहीत लिहायची. पुढची ऑर्डर 25 माणसांची आली. दोन टोपांत केली, मसाला पहिल्यापेक्षा कमी लागला. त्या घरून बारशालाही बोलावणं आलं.

तुमच्या गटातही अशी एखादी मावशी असेल. पुढच्या बैठकीत तिला विचारा आणि तिचं माप वहीत लिहून ठेवा. येते. नमस्कार.