पाटीची गोष्ट (भाग ५) : चौकटीवर काय चढवायचं?

मागच्या भागात फ्रेमचं वेल्डिंग झालं, रेड ऑक्साइडचा हात मारून झाला. आता त्या चौकटीवर काय चढवायचं? या प्रश्नाचं उत्तर गिऱ्हाईक बहुतेक वेळा सोबतच घेऊन येतं, मोबाइलमध्ये.

कुडपणचे एक काका असेच महाडला माझ्या शेडवर आले. मुंबईतली नोकरी संपवून गावी परतलेले. भीमाची काठी धबधबा बघायला पावसाळ्यात गाड्या येतात, म्हणून घराच्या पडवीतच किराणा, चहा आणि भजी सुरू केलेली. वाशीतल्या कुठल्याशा दुकानाचा फोटो दाखवून म्हणाले, "असाच चकचकीत पायजे. पोरगा म्हनतो, एसीपीच करा." मी विचारलं, "काका, तुमच्या पडवीची पावळी नेमकी कुठं पडते?" त्यांना वाटलं, हा विषय बदलतोय.

विषय तोच होता. कुडपण पोलादपूर तालुक्यात असलं तरी त्याचा पाऊस महाबळेश्वरच्या जातीचा. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पडतो. त्यात झड आडवी येते आणि पाऊस थांबला तरी ढग दारात उभा असतो. वाशीची पाटी भिजते आणि दोन तासांत वाळते. कुडपणची पाटी जूनमध्ये भिजली की दसऱ्याच्या सुमारास वाळायला लागते. त्यामुळे इथे पत्रा-पॅनेल निवडताना मी चकाकी शेवटी बघतो. आधी बघतो, पाणी आत कुठून शिरेल आणि बाहेर कुठून जाईल.

आता एसीपी. दोन बाजूंना ॲल्युमिनियमचा पातळ पापुद्रा आणि मध्ये प्लॅस्टिकचा गाभा, एवढंच ते असतं. हलकं, सपाट, गंज नाही, रंगाची कटकट नाही. हायवेवरच्या दुकानांनी ते डोक्यावर घेतलं ते उगाच नाही. पण दुकानदार "तीन एमएम द्या" म्हणतो आणि निर्धास्त होतो. त्या तीनमध्ये ॲल्युमिनियम किती, हे विचारत नाही. बऱ्या मालात पापुद्रा पाव मिलिमीटरचा असतो, स्वस्त मालात त्याहून बारीक. एसीपीची कड दुमडताना मागून राउटरने व्ही आकाराची खाच मारतात आणि पुढचा पापुद्रा तेवढा शाबूत ठेवतात. सगळी दुमड त्या पाव मिलिमीटरवर उभी असते. बारीक पापुद्रा तिथेच तडकतो, आणि तडकलं की पाणी गाभ्याच्या कडेने आत. म्हणून कापलेला तुकडा मागून घ्या, कापलेली धार उन्हात धरून बघा, हाताने दोनतीनदा वाकवा. दुकानदार कुरकुरेल, कुरकुरू द्या.

शीटवरच्या प्लॅस्टिकच्या फिल्मवर बाण छापलेले असतात. सगळे तुकडे बाणाच्या एकाच दिशेने लावायचे, नाहीतर चंदेरी-सोनेरी रंगात एक तुकडा उजळ आणि शेजारचा मळका दिसतो. आणि ती फिल्म लावल्यावर लगेच काढायची. "राहू द्या, नवी दिसते" म्हणून वर्षभर ठेवणारे मी पाहिले आहेत. उन्हाने गोंद भाजून निघतो, मग ती फिल्म नखाने ओरबाडत बसावं लागतं.

माझी स्वतःची चूकही सांगतो. पोलादपूर नाक्यावर मी एक एसीपीची पाटी केली होती. पाणी आत जाऊच नये म्हणून चारी बाजू सिलिकॉनने ठासून बंद केल्या. पाणी गेलंच, कारण ते कुठूनतरी जातंच. बाहेर पडायला मात्र वाट नव्हती. पुढच्या गणपतीत खालच्या पाइपातून तांबूस ओघळ शटरवर उतरले होते. पाटी वरून कोरी आणि आतून फ्रेम खाऊन टाकलेली. तेव्हापासून खालच्या पट्टीला हातभर अंतरावर भोकं पाडतो आणि खालची कड सिलिकॉनने कधीच बंद करत नाही. स्क्रूही स्टेनलेसचे, मध्ये नायलॉनचा वॉशर. ॲल्युमिनियम आणि लोखंड ओलाव्यात एकमेकांना टेकले की ॲल्युमिनियम खंगायला लागतं.

काकांच्या बाबतीत आणखी एक अडचण होती. भज्यांची कढई बरोबर पाटीखाली. साध्या एसीपीचा गाभा पॉलिथिलीनचा, म्हणजे पेट घेणारा. १४ जून २०१७ ला लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये ७२ माणसं गेली, त्या इमारतीला बाहेरून याच जातीचं पॅनेल लावलेलं होतं. आग रोखणाऱ्या गाभ्याचा माल मिळतो, महाग असतो. पडवीतल्या पाटीची आणि चोवीस मजली इमारतीची तुलना करू नये, कबूल. पण कढई, गॅस किंवा मीटरची पेटी खाली असेल तर साधं एसीपी मी लावत नाही.

फ्लेक्सबद्दल फार लिहीत नाही. उद्घाटनाला ठीक, एका हंगामाला ठीक. वाऱ्याने सैल होतं, पाणी साचून पोट येतं. सनबोर्ड दुकानाच्या आत लावावा. प्लायची पाटी तर ओलीत फुगते. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरावर चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस कोसळला, ते पाणी सावित्रीने महाडात आणलं. पूर ओसरल्यावर पेठेतल्या पाट्या उतरवताना प्लायचे पापुद्रे पुस्तकाच्या पानांसारखे सुटलेले पाहिले. पत्र्याच्या पाट्या मात्र पाइप मारून धुतल्या आणि परत टांगल्या.

ॲक्रिलिक हवं असेल तर ते मागून लाइट लावायचे असतील तरच. आठ फुटी शीट तीस अंशांच्या फरकाने पाच मिलिमीटर वाढते, खालची लोखंडी फ्रेम एक मिलिमीटरसुद्धा नाही. त्यामुळे भोक स्क्रूपेक्षा मोठं ठेवावं लागतं, नाहीतर मे महिन्यात कोपऱ्यातून तडा जातो. आणि कुडपणला पावसात लाइट असण्याचीच खात्री नाही, तर मागून उजळणाऱ्या पाटीचं करायचं काय?

शेवटी काकांना मी सांगितलं, जीआयचा म्हणजे जस्त चढवलेला पत्रा घ्या, बावीस गेजचा, वर पेंटरकडून हाताने अक्षरं. काकांचा चेहरा पडला. "पत्रा म्हंजे जुनं वाटनार." मी म्हटलं, "काका, जुनं वाटणार नाही, जुनं होईपर्यंत टिकेल." आमच्याकडे कारवीचा कूड शेणामातीने लिंपून पिढ्यान् पिढ्या टिकला, तो झडीच्या बाजूला झाप बांधत म्हणून. साहित्य साधं होतं, पाण्याचा विचार पक्का होता.

पत्र्याचीही एक खोड आहे. कोऱ्या जीआयवर थेट ऑइल पेंट मारला की वर्ष-दोन वर्षांत पापड्या सुटतात. जस्ताची रंगातल्या तेलाशी क्रिया होऊन मध्ये साबणासारखा थर तयार होतो, रंग त्याच्यावर तरंगतो. जुने पेंटर कोरा पत्रा एक पावसाळा उघड्यावर टाकून मगच रंगाला घ्यायचे. आता एच (etch) प्रायमर मिळतो, त्याचा एक पातळ हात पुरतो. रंगवताना पत्र्याची मागची बाजू आणि कापलेल्या कडा सोडू नका, गंज तिथूनच चालू होतो. मोठा पत्रा सपाट ठेवला तर वाऱ्याने डबडब वाजतो, म्हणून चारी कडा इंचभर मागे दुमडायच्या आणि मध्ये दोन आडव्या पट्ट्या द्यायच्या.

वजनाची काळजी सगळे करतात, वाऱ्याची कुणी करत नाही. आठ बाय अडीच फुटांच्या पाटीला पत्रा बारा किलोच्या आत बसतो, एसीपी त्याहून हलकं. पण ताशी शंभर किलोमीटरच्या वाऱ्यात त्याच पाटीवर पंच्याऐंशी किलोंच्या आसपास दाब येतो. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात ज्या पाट्या गेल्या, त्यातल्या बऱ्याच मी पुन्हा केल्या. पॅनेल फाटलेलं क्वचित, भिंतीतले खिळे उपटलेले जास्त.

काकांची पाटी पिवळ्या जमिनीवर लाल अक्षरात झाली, पावळीच्या रेषेपासून वीतभर आत टांगली. तिला आता तीन पावसाळे झाले. डाव्या कोपऱ्यात शेवाळ धरतं, काकू ते दिवाळीत घासून काढतात. अक्षरांबद्दल पुढच्या रविवारी, त्यात मराठी पाटीचा कायदाही येईल. तोवर एक करा. स्टुलावर चढून आपल्या दुकानाच्या पाटीची खालची कड अंगठ्याने दाबून बघा. करकर वाजली किंवा बोटाला तांबूस लागलं, तर पावसाआधी पाटी उतरवा.