सहा गोल खायला ब्राझीलला?

मुलांनो, धान कापून घरी आलं की आपल्या भंडारा जिल्ह्यात गावोगाव कबड्डीचे सामने भरतात. काही सामने खुले असतात. प्रवेश फी भरली की कोणीही उतरावं. पण कधी कधी मंडळ निवडक संघांनाच पत्र पाठवून बोलावतं. ही झाली निमंत्रितांची स्पर्धा. बोलावलेल्या संघाची ऐट तुम्ही पाहिलीच असेल!

फुटबॉलमध्येही असंच चालतं. महिलांचा विश्वचषक १९९१ साली सुरू झाला. त्याच्या आधी, १९८८ मध्ये, चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात फिफाने बारा संघांना बोलावून एक स्पर्धा घेऊन पाहिली. बायकांचा फुटबॉल बघायला कोण येणार, अशी तेव्हा शंका होती ना! पण लोक आले. नॉर्वेने स्पर्धा जिंकली आणि विश्वचषकाचा रस्ता मोकळा झाला.

अशाच एका स्पर्धेचं बोलावणं २०२१ मध्ये आपल्या मुलींना आलं, तेही थेट ब्राझीलहून. नकाशात मनौस शोधा. ॲमेझॉनच्या घनदाट जंगलातलं हे मोठं शहर. यजमान ब्राझील, पाहुणे चिली, व्हेनेझुएला आणि भारत. प्रत्येकाने प्रत्येकाशी एकेक सामना खेळायचा.

पहिलाच सामना ब्राझीलशी. जागतिक क्रमवारीत ब्राझील सातवा, भारत सत्तावन्नावा. तिथे २५ नोव्हेंबरची रात्र होती, तर आपल्याकडे २६ ची सकाळ उजाडली होती. पहिल्याच मिनिटाला ब्राझीलने गोल केला. झालं, आता धुव्वा उडणार! पण आठव्या मिनिटाला पंजाबच्या मनीषा कल्याणने चेंडू ब्राझीलच्या जाळ्यात धाडला. १-१! तिचा विसावा वाढदिवस अजून दोन दिवसांवर होता.

त्या रात्री ब्राझीलच्या फोर्मिगाचा निरोपाचा सामना होता. फोर्मिगा म्हणजे मुंगी. मुंगीसारखी संघासाठी अखंड राबते म्हणून हे टोपणनाव पडलं. वय त्रेचाळीस, आणि सात विश्वचषक खेळलेली! तिचा पहिला विश्वचषक १९९५ चा. मनीषा तेव्हा जन्मलीही नव्हती.

शेवटी सामना ब्राझीलने ६-१ असा जिंकला.

परवा वर्गात ही गोष्ट सांगितली, तर मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "मॅडम, सहा गोल खाल्ले, मंग एवढ्या दूर कायले गेल्या त्या?"

वर्ग हसला. मला मात्र लगेच उत्तर सुचलं नाही. मी फळ्यावर पुढचे निकाल लिहिले. चिलीशी ०-३. व्हेनेझुएलाशी १-२, आणि त्या सामन्यात तर मणिपूरच्या ग्रेस डांगमेईने आधी गोल करून आपल्याला आघाडी मिळवून दिली होती. खाल्लेले गोल सहा, तीन, दोन. तिन्ही संघ सारखे बलवान नाहीत, हे खरं. तरी तिने आकडे नीट बघितले आणि खाली बसली.

ही सारी तयारी होती आपल्या महाराष्ट्रातल्या स्पर्धेसाठी. २० जानेवारी २०२२ पासून मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात महिलांचा आशियाई चषक होता. यजमान म्हणून भारताला आपोआप जागा मिळालेली. पहिला सामना नवी मुंबईत इराणशी, ०-० असा बरोबरीत सुटला. दुसरा २३ जानेवारीला, चिनी तैपेईशी. पण तोवर कोरोना संघात शिरला होता. नियमाप्रमाणे लागणारे तेरा खेळाडूही उभे राहीनात! सामना झाला नाही आणि भारत स्पर्धेबाहेर गेला. इराणशी खेळलेला सामनासुद्धा रद्द धरला. आपल्याच अंगणात स्पर्धा चालू राहिली, चीनने चषक जिंकला, आणि आपल्या मुली खोल्यांत बसून. पालकहो, मुलाची परीक्षा ऐन दिवशी तापामुळे बुडाली तर घरात काय होतं, ते तुम्हाला ठाऊक आहे.

त्याच वर्षी मनीषा सायप्रस देशातल्या अपोलॉन क्लबकडे गेली आणि युरोपच्या महिला चॅम्पियन्स लीगमध्ये खेळणारी पहिली भारतीय ठरली. मग जुलै २०२५. थायलंडमध्ये पात्रता फेरी होती. शेवटच्या सामन्यात यजमान थायलंडलाच २-१ ने हरवायचं होतं, आणि हरवलं! दोन्ही गोल बंगालच्या संगीता बासफोरचे. मनीषा आणि ग्रेस दोघीही त्या संघात होत्या. पात्रता फेरी जिंकून आशियाई चषकात जाण्याची भारतीय महिलांची ती पहिलीच वेळ. या खेपेला जागा कोणी दिली नव्हती.

आमच्या शाळेत फुटबॉल एकच, तोही निम्मी हवा गेलेला. काल सुट्टीनंतर पाहिलं, तर शाळेमागच्या रिकाम्या बांधीत, धसकटांतून, मागच्या बाकावरची ती मुलगी चपला काढून त्याच्यामागे धावत होती. गोलरक्षक म्हणून तिने धाकट्या भावाला उभं केलं होतं. मी विचारलं, "किती झाले गं?"

"सात," भाऊच रडवेल्या आवाजात म्हणाला.