कौतुक करावं, पण कसं?

पाहुणे आले, चहा-पोहे झाले, की आपण हाक मारतो, "ये गं, काकूंना एक गाणं म्हणून दाखव!" पोर मान खाली घालून कसंबसं एक कडवं म्हणते. काकू म्हणतात, "गोड गळा आहे हं!" आणि आपल्या अंगावर मूठभर मांस चढतं. खरं सांगा मैत्रिणींनो, तुमच्याकडेही असंच होतं ना?

माझ्याकडे अगदी परवापर्यंत होत होतं. मग एक दिवस माझ्या बारा वर्षांच्या लेकीनं पेटी मिटली आणि म्हणाली, "आई, मी तुझ्या पाहुण्यांसाठी गाणं शिकत नाही." राग आला खरा. पण रात्री ओटा पुसताना मोगूबाई कुर्डीकर आठवल्या.

1904 साली गोव्यातल्या कुर्डी गावी त्यांचा जन्म झाला. मुलीनं गाणं शिकावं ही त्यांच्या आईची फार इच्छा; पण मोगूबाई लहान असतानाच ती गेली. लेकीचं नाव झालेलं पाहणं तिच्या नशिबी नव्हतं. पुढे मोगूबाई अल्लादियाखाँसाहेबांकडे शिकल्या. पती लवकर गेले. पदरात तीन मुलं. गाण्याच्या बळावर त्यांनी ती वाढवली.

थोरली किशोरी आईच्या मैफलीत मागं तंबोऱ्यावर बसायची. शिकवताना माई स्थायी-अंतरा दोनदा म्हणत, तिसऱ्यांदा नाही, असं किशोरीताईंनीच सांगितलं आहे. चित्रपटात गाणंही माईंना खपलं नाही. अशी ही कडक आई! पण याच आईनं लेकीला दुसऱ्या घराण्यांच्या गुरूंकडेही शिकायला पाठवलं. किशोरीताईंनी पुढे जयपूर घराण्याची चौकट ओलांडून आपली वाट काढली. टीकाही झाली, पण ते गाणं त्यांचं स्वतःचं होतं. 1974 साली माईंना पद्मभूषण मिळालं होतं. तोच मान 1987 साली लेकीला मिळाला, तेव्हा ऐंशी उलटलेल्या माई हयात होत्या. त्यांच्या आईला जे दिसलं नाही, ते त्यांना दिसलं.

शाळेत मी अर्धवेळ शिकवते. दुसऱ्यांच्या मुलांना चारचौघांत उगाच उभं करू नये, हे तिथं मला बरोबर कळतं. घरी आलं की शहाणपण चपलांबरोबर दाराबाहेर राहतं!

आता पाहुण्यांपुढे मी गाण्याचा विषय काढत नाही. रियाजाच्या वेळी मिक्सर लावत नाही. परवा एक तान तिला काही केल्या जमत नव्हती. ती पुन्हापुन्हा घेत होती. शिट्टी होऊ नये म्हणून मी कुकरखालचा गॅसच बंद केला. अखेर तान आली! मी आत जाऊन काही बोलले नाही, पण डोळे भरून आले.

भात जरा कच्चा राहिला त्या दिवशी. पण तुम्हीही एकदा असं कौतुक करून पाहा.